अमेरिकन स्टर्लिंगचे जुने चमचे पुसून ठेवले तरी परत परत काळे पडतायत? पॉलिशची डबी बाहेर काढण्याआधी हे तपासा

एस्टेट सेलमधून, म्हणजे घरातलं जुनं सामान विकतात तिथून, नाहीतर ब्रिमफिल्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून स्टर्लिंग चांदीचा जुना सेट आणायचा, एकेक चमचा बसून चकाचक करायचा, पेटीत नीट लावून ठेवायचा आणि दिवाळीला पाहुणे येणार म्हणून पेटी उघडली की सगळं परत पिवळट-तपकिरी, काही ठिकाणी तर चक्क काळं. इकडे अमेरिकेत चांदी जमवणाऱ्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार मी सारखी ऐकते आणि त्याच्या पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, पॉलिश कुठलं चांगलं? माझं म्हणणं एवढंच की पॉलिशचं नंतर बघू, आधी चमचा काळा का पडतोय ते शोधा. कारण तो काळा थर म्हणजे तुमच्या चमच्याचीच चांदी आहे, गंधकाशी जोडली गेलेली, आणि घासल्यावर कापडावर जे काळं येतं ते म्हणजे चमच्यातून कायमची गेलेली चांदी. गोरहॅम या अमेरिकन कारखान्याचं शँटिली हे पॅटर्न १८९५ चं, त्याच्या दांड्याच्या टोकाला जी वळणदार नक्षी असते ती घासून घासून सपाट झालेले कितीतरी चमचे बाजारात दिसतात, मागचा सिंह, जहाजाचा नांगर आणि G अक्षर हा शिक्का इतका पुसट की भिंगातूनही धड लागत नाही. असा चमचा बघितला की खरंच वाईट वाटतं, शंभर वर्षं लोकांनी मनापासून काळजी घेतली आणि त्या काळजीनेच तो झिजला.

तर सुरुवात इथून करा की चमचा खरंच स्टर्लिंगचा आहे ना. हे मुद्दाम आधी सांगतेय, कारण निम्म्या वेळा गोंधळ इथेच असतो. मागे STERLING हा शब्द इंग्रजी अक्षरांत नाहीतर ९२५ असा आकडा असेल तर हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. इंग्लंडसारखी सरकारी हॉलमार्कची पद्धत अमेरिकेत कधी रुजलीच नाही, फक्त बाल्टिमोरमध्ये १८१४ ते १८३० एक अधिकृत तपासणी होती, बाकी सगळा कारखान्याच्या शब्दावरचा विश्वास. टिफनीने १८५१ च्या सुमाराला आणि गोरहॅमने १८६८ मध्ये स्टर्लिंगचं प्रमाण धरलं, आणि शिक्क्याबद्दलचा केंद्राचा कायदा थेट १९०६ चा. स्टर्लिंग रुळण्याआधीचे पातळ, हलके, बहुतेक वेळा आद्याक्षरं कोरलेले चमचे असतात ते कॉइन सिल्व्हरचे, साधारण हजारात ९०० चांदी, म्हणजे तांबं थोडं जास्त.

आता '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' हा शिक्का. हे चमच्याचं वय नाही हो! ते त्या ब्रँडचं नाव आहे, रॉजर्स बंधूंनी हार्टफर्डमध्ये वीज वापरून मुलामा द्यायला सुरुवात केली ते हे साल, आणि १९५० सालच्या चमच्यावरही तोच आकडा असतो. हे सगळं मुलाम्याचं काम, आत साधा धातू आणि वर चांदीचा अगदी पातळ थर. ए-वन, ट्रिपल, क्वाड्रुपल, ईपीएनएस, कम्युनिटी हे सगळे शिक्के त्यातच आले. होम्स अँड एडवर्ड्सच्या काही चमच्यांवर 'स्टर्लिंग इनलेड' लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक खूश होतात, पण तिथे झीज होणाऱ्या जागी मागच्या बाजूला फक्त चांदीचे दोन छोटे तुकडे बसवलेले असतात, बाकी मुलामाच. अशा चमच्याला टेबलावर टेकतो त्या जागी पिवळट किंवा करडा डाग दिसत असेल आणि तो कितीही पुसला तरी जात नसेल तर तो काळेपणा नाहीच, वरची चांदी संपून खालचा धातू दिसतोय. जितकं घासाल तितका डाग मोठा होईल. तिथे थांबायचं.

चमचा स्टर्लिंगचा निघाला तर आता तो उजेडात धरून नीट बघा. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू अगदी किंचित प्रमाणात असतातच, चांदीला तेवढंसुद्धा पुरतं आणि हवा दमट असली की काम आणखी भरभर होतं. थर पातळ असताना तो आधी फिकट सोनेरी दिसतो, मग तपकिरी, मग जांभळट-निळा आणि शेवटी काळा. म्हणजे रंगावरून थर किती जाड झालाय ते कळतं, पण त्याहून कामाचं म्हणजे डाग कुठे आहे आणि कुठल्या आकाराचा आहे, कारण गुन्हेगार स्वतःची खूण ठेवून जातो.

दांड्यावर आडवी, अगदी पट्टीने मारल्यासारखी काळी रेघ असेल तर तिथे रबरबँड होता. सहा-सहा चमच्यांचे जुडगे रबरबँडने बांधून ठेवायची सवय विकणाऱ्यांनाही असते, घेणाऱ्यांनाही असते, आणि रबर टिकाऊ करताना त्यात गंधकच घालतात, त्यामुळे तो आयुष्यभर गंधक सोडत राहतो. नुसता चांदीला टेकला तरच काळं होतं असंही नाही, कापडात गुंडाळून वरून रबरबँड लावला तरी कापडातून खाली रेघ उमटते. मी शँटिलीचा एक टीस्पून बघितलाय, पुढची बाजू अगदी ठीक होती आणि मागे शिक्क्याच्या बरोबर वरून ती रेघ गेलेली, आणि बोट फिरवलं तर रेघेच्या जागी किंचित खरखरीत लागत होतं. अशी खोल गेलेली रेघ साध्या पुसण्याने पूर्ण जात नाही, ती घालवायला चांदी उतरवावी लागते, आणि शिक्क्याच्या जवळ तर ते मुळीच करू नये.

सगळे चमचे एकाच बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने बरे असतील तर ज्या बाजूला ते टेकतायत तिथलं अस्तर तपासा. फक्त चमच्याची खोलगट वाटी तपकिरी आणि दांडा स्वच्छ असेल तर खाण्यातून आलंय, उकडलेल्या अंड्याचा बलक, मेयोनेज घातलेलं बटाट्याचं सॅलड, मोहरीची पेस्ट, कांदा. अंड्याने तर जेवण संपेपर्यंत रंग बदलतो. बारीक खड्डे आणि त्यात हिरवट काहीतरी दिसत असेल तर ते मिठाचं काम, गंधकाचं नाही, आणि खड्डा पडला की तो भरून येत नाही. म्हणूनच जुन्या सेटमधल्या मिठाच्या चिमुकल्या चमच्यांना आतून सोन्याचा मुलामा असायचा. तो पिवळा रंग म्हणजे डाग समजून घासणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका, तो थर इतका पातळ असतो की थोड्या पॉलिशनेच निघून जातो आणि परत येत नाही.

नकाशासारखी बेटं दिसत असतील, म्हणजे मध्येच चकचकीत पॅच, मध्येच काळा, आणि दोन्हीमधली कड अगदी धारदार, तर कुणीतरी त्या चमच्याला पूर्वी लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलेलं आहे आणि ते जागोजागी फाटलंय. वरून किती का घासा, लॅकरखालच्या काळ्यापर्यंत कापड पोचतच नाही. लॅकर ॲसिटोनने निघतं, पण खिडकी उघडी ठेवून, शेगडीपासून लांब, आणि दांडा पूर्ण धातूचा असेल तरच. शिंपल्याच्या, हस्तिदंताच्या किंवा सेल्युलॉइडच्या (जुन्या काळच्या प्लॅस्टिकच्या) मुठीच्या सुऱ्या-काट्यांना ॲसिटोन लावायचं नाही, सेल्युलॉइड तर त्यात विरघळतं. खाण्याच्या चमच्यांना परत लॅकर मारू नका.

सगळीकडे एकसारखा काळेपणा असेल तर दोष हवेचा किंवा पेटीचा. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा पेटीचाच. जुन्या सेटबरोबर येणारी ती सुंदर लाकडी पेटी, आत खाचा, झाकणाला आतून कापड, ती पेटी बघूनच अर्धे लोक सेट घेतात आणि मीही त्यातलीच आहे. पण आतलं कापड काय आहे ते कुणी बघत नाही. लोकरीचं फेल्ट असेल तर लोकरीतच मुळात गंधक असतं आणि ते हळूहळू सुटत राहतं. गडद काळ्या-निळ्या सुती कापडालाही कित्येकदा सल्फर डाय असतो. मध्येच कुणीतरी अस्तर नवीन लावलं असेल तर कुठला गोंद वापरला ते देवाला माहीत. चांगल्या पेट्यांना तपकिरी रंगाचं पॅसिफिक क्लॉथ असतं, त्या कापडात चांदीचे अगदी सूक्ष्म कण असतात, बाहेरून येणारा गंधक ते कण आधी पकडतात आणि चमच्यापर्यंत पोचू देत नाहीत. कल्पना फार छान आहे पण ते कण कधीतरी संपतात ना, साठ-सत्तर वर्षं जुन्या पेटीतलं कापड दिसायला तसंच असलं तरी आता ते नुसतं कापड उरलेलं असू शकतं.

पेटी दोषी आहे की घरची हवा, हे ओळखायची एक साधी पद्धत आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांच्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी १९७० च्या दशकापासून संग्रहालयांत करतात, शोकेसमध्ये वापरायचं कापड किंवा लाकूड आणि चांदी-तांबं-शिशाच्या छोट्या पट्ट्या बंद नळीत, थोड्या ओलाव्यात, ६० अंशांवर २८ दिवस ठेवून बघायचं. घरी एवढं नको. एकाच पॅटर्नचे, स्वस्तात मिळालेले तीन सुटे टीस्पून घ्या, सारखेच स्वच्छ करा, पूर्ण कोरडे करा. एक पेटीत ठेवून झाकण लावा, एक स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, आणि एक झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बेडरूमच्या कपाटात. मग महिनाभर हात लावू नका. नंतर तिन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली हलका पिवळेपणा कळत नाही. पेटीतला जास्त पिवळा असेल तर उत्तर मिळालं. अस्तर बदला, किंवा पेटी तशीच जपून ठेवून चमचे तिच्यात नुसते न ठेवता अँटी-टार्निश, म्हणजे काळं पडू न देणाऱ्या, कापडाच्या पिशव्यांत घालून ठेवा.

ड्रॉवरमधला जास्त काळा झाला तर आपल्या स्वयंपाकघराकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं लागतं. हिंगाचा तो वास गंधकाच्या संयुगांचाच असतो, लसूण-कांद्याचंही तेच, आणि हिंगाची डबी नेमकी फोडणीच्या डब्याशेजारी म्हणजे चमच्यांच्या ड्रॉवरच्या वरच्याच कप्प्यात असते. शेजारच्या अमेरिकन बाईंचा सेट चार महिने ठीक राहतो आणि आमचाच का काळा पडतो असं विचारणाऱ्यांना मी आधी हिंग कुठे ठेवता ते विचारते. हिंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घाला आणि चांदी दुसऱ्या खोलीत हलवा, यात पॉलिशचा एक पैसा लागत नाही. ड्रॉवरमध्ये घसरू नये म्हणून टाकलेली ती जाळीदार रबरी मॅटही काढून टाका.

आता साफ कसं करायचं ते सांगते, कारण परत परत काळं पडण्याचं दुसरं मोठं कारण साफ करायची पद्धत हेच असतं. बुडवून काढायची ती डिप नावाची बाटली मिळते, काही सेकंदांत चमचा पांढराशुभ्र, बघायला जादू वाटते. त्यात आम्ल आणि थायोयुरिया असतं. आम्लाने वरचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खरखरीत होतो आणि थायोयुरियात स्वतःच गंधक आहे, ते नक्षीच्या खाचेत थोडं जरी राहिलं तरी पुढचा काळेपणा आधीपेक्षा लवकर येतो. मग परत डिप, परत काळं, आणि आपल्याला वाटतं चांदीच हलकी निघाली. ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा घरगुती उपाय व्हिडिओंमध्ये फार चालतो, त्यात चांदी परत चमच्यावर येते हे खरं, पण ती मऊ, सच्छिद्र थरात बसते, चमक मंद राहते आणि असा थर गंधक पटकन धरतो.

शिवाय दोन्ही पद्धतींचा एक मोठा तोटा आहे आणि अमेरिकन चमच्यांच्या बाबतीत मला तो सगळ्यात जास्त टोचतो. रीड अँड बार्टनचं फ्रान्सिस फर्स्ट (Francis I) हे १९०७ चं पॅटर्न घ्या, दांड्यावर फळांचे घोस, आणि वेगवेगळ्या नगांवर मिळून पंधरा वेगवेगळे घोस. किंवा बाल्टिमोरच्या कर्कचं रेपूसे, सगळा दांडा फुलापानांनी भरलेला. अशा उठावाच्या कामात खोलगट भागातला काळा हवाच असतो, त्यावरच पाकळी आणि फळ उठून दिसतं. डिपमधून काढलेलं रेपूसे बघा, सगळं एकसारखं पांढरट होतं आणि फुलं कुठे सुरू होतात तेच कळत नाही. आणि तो खाचेतला काळा परत मिळवायला तीस-चाळीस वर्षांचं वापरणं लागतं.

मग करायचं काय? बहुतेक वेळा साबणाचं कोमट पाणी आणि मऊ सुती कापड, एवढंच. फिकट पिवळेपणा त्याने बराचसा जातो. नाही गेला तर अगदी बारीक, शुद्ध चॉक पावडर पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, गोल गोल नाही. किंवा राइट्ससारखं पाण्याने धुता येणारं क्रीम, हरकत नाही. उंच भाग पुसा, खाचेत शिरू नका. टूथपेस्ट नको, राख नको, रांगोळी तर अजिबात नको, देवाच्या तबकाला आपण वर्षानुवर्षं लावत आलो म्हणून इथे चालेल असं नाही, बारीक ओरखड्यांनी जुन्या चांदीची ती मऊ झळाळी जाते. नंतर भरपूर पाण्याने धुवा, खाचेत पांढरी पावडर राहू देऊ नका कारण ती ओलावा धरून ठेवते, आणि लगेच पूर्ण कोरडं करा. हातात मोजे घालायचे असतील तर नायट्राइलचे घाला, लेटेक्स म्हणजे परत रबरच. भारतात आणल्यावर सराफाकडे उजळायला देणार असाल तर बफिंग करू नका असं स्पष्ट सांगा, बफच्या चाकावर शिक्का आणि आद्याक्षरं पहिल्यांदा जातात.

सुऱ्यांचं वेगळं आहे. त्यांची मूठ पोकळ असते, आत लाखेसारखं किंवा सिमेंटसारखं भरण असतं आणि पातं त्यातच बसवलेलं असतं, म्हणून सुरी पाण्यात भिजत ठेवायची नाही आणि डिशवॉशरमध्ये तर कधीच नाही, उष्णतेने भरण सैल होतं, मूठ फुगते किंवा पातं हातात येतं. तसे डिशवॉशरमध्ये चमचेही नकोत, तिथली पावडर तीव्र असते आणि स्टेनलेसला टेकून चांदी ओली राहिली की डाग पडतात.

ठेवायचं कसं हे आता बरंचसं आलंच. अँटी-टार्निश कापडाची पिशवी, ती झिपच्या पॉलिथिन पिशवीत, आत थ्रीएम कंपनीची काळेपणा रोखणारी टार्निश पट्टी, ती साधारण सहा महिन्यांनी बदलायची, आणि मुंबई-कोकणात नेणार असाल तर सिलिका जेलची पुडीही. वर्तमानपत्र नको, किचनमधली चिकटणारी क्लिंग फिल्म नको, पीव्हीसीचे चकचकीत कव्हर नकोत. पण सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे चमचे वापरा. रोज आमटी-भाताला एखादा स्टर्लिंगचा टेबलस्पून घेतलात, जेवण झाल्या झाल्या धुऊन पुसलात, तर त्याला पॉलिश लागतच नाही, आणि पेटीत पडून राहिलेल्या त्याच सेटमधल्या भावंडांपेक्षा तो छान दिसतो. फक्त अंडी आणि नुसतं मीठ त्याच्यापासून लांब.

पुसून, कारण काढूनही एखाद्या चमच्यावर जांभळट-करडी सावली उरते, तिरका उजेड पडला की दिसते, सरळ उजेडात दिसत नाही. हा फायरस्टेन, चमचा घडवताना तापवल्यावर आतल्या तांब्यावर झालेला परिणाम, तो पृष्ठभागाच्या आत असतो. त्याला घासू नका, तो वाढतही नाही, तो त्या चमच्याचा जन्मापासूनचा रंग आहे.

आणि हे सगळं करूनही बेडरूममधल्या बंद पिशवीबाहेरचा चमचा आठ-पंधरा दिवसांत काळा पडत असेल, तर चांदी सोडा आणि घर तपासा. गावाकडच्या भागात विहिरीचं पाणी असेल आणि नळाला कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर त्यात हायड्रोजन सल्फाइड आहे, त्या पाण्याने धुतलेली चांदी धुतानाच काळी पडायला लागते, पाण्याला फिल्टर बसवावा लागतो. दुसरं म्हणजे घर २००१ ते २००९ च्या दरम्यान बांधलेलं किंवा दुरुस्त केलेलं असेल, विशेषतः फ्लोरिडा-लुइझियाना भागात, तर त्या काळात चीनहून आलेल्या काही ड्रायवॉलमधून (भिंतींना लावायच्या जिप्समच्या तक्त्यांमधून) गंधकाचे वायू सुटत होते आणि त्याने एसीच्या तांब्याच्या नळ्या आणि विजेच्या तारासुद्धा काळ्या पडल्या होत्या. प्लगच्या खोक्यात उघडी तांब्याची तार काळी दिसतेय का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, स्वतः उघडू नका, आणि तार काळी निघाली तर भिंतीची तपासणी आधी, चमचे तोवर बँकेच्या लॉकरमध्ये.